किनारा सरकला, की रानही सरकतं

(शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. किनारपट्टीवरील बागायतदारांसाठी.)

शेताच्या बांधाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. बांध कोणी कोरला, किती कोरला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणंही होतात. पण समुद्रकाठच्या बागायतदाराचा एक बांध असा आहे की तो कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नाही आणि तो एका जागी राहतही नाही. तो बांध म्हणजे किनारा. कधी तो चार पावलं पुढे जातो, कधी आठ पावलं मागे येतो. तो कुठे चालला आहे हे सांगणारी माणसं थोडी, पण सांगणारी झाडं भरपूर आहेत. ती झाडं काय सांगतात, ती कशी टिकतात आणि त्यांच्यामागे असलेली आपली माडबाग व विहीर त्यांच्यावर कशी अवलंबून असते, याची माहिती आज घेऊया.

वाळूचा दांडा म्हणजे काय?

नदीनं आणलेली वाळू आणि समुद्राच्या लाटांनी किनाऱ्याकाठानं वाहून आणलेली वाळू जिथे साठत जाते, तिथे जमिनीची एक लांब, अरुंद पट्टी तयार होते. तिला वाळूचा दांडा म्हणतात. काही दांडे एका टोकाला मुख्य जमिनीला जोडलेले असतात. काही ठिकाणी दोन्ही टोकं सुटलेली असतात, तेव्हा त्याचं बेट बनतं. ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, चिल्का सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये असाच लांबलचक वाळूचा बांध आहे.

आपल्याकडे पाहायचं तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातलं देवबाग घ्या. तारकर्लीहून दक्षिणेकडे गेलं की एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूच्या पट्टीवर वसलेलं गाव. घरं, माड, विहिरी, मंदिरं सगळं त्या पट्टीवर. समुद्राच्या बाजूनं होणारी धूप हा तिथला नेहमीचा चिंतेचा विषय आहे. कोकणात आणि गोव्यात नद्यांच्या मुखापाशी अशा लहानमोठ्या वाळूच्या पट्ट्या ठिकठिकाणी आहेत. तुमचं गाव तसं असेल तर आजचं बोलणं थेट तुमच्यासाठी आहे. नुसतं पुळणीला लागून असेल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

समुद्रापासून खाडीपर्यंत: झाडांचे पट्टे

अशा दांड्यावर समुद्राकडे पाठ करून खाडीकडे चालत गेलात तर रान पट्ट्यापट्ट्यांनी बदलत जातं. वाटेत माणसानं फारशी उलथापालथ केलेली नसेल, तर हा क्रम साधारण असा असतो.

पहिला पट्टा वेलींचा आणि गवताचा. उधाणाच्या पाण्याची रेघ जिथे संपते, तिथून मर्यादवेल सुरू होते. आपट्यासारखी दोन भागांची पानं आणि जांभळट गुलाबी फुलं. तिला हे नाव उगीच नाही पडलेलं. समुद्राची मर्यादा कुठवर, ते ती दाखवते. तिच्याबरोबर टोकदार पात्यांचं एक काटेरी गवत असतं, त्याची चेंडूसारखी काटेरी फळं वाऱ्यावर पुळणीवरून गडगडत जातात. शास्त्रज्ञ त्याला स्पिनिफेक्स म्हणतात. अबईच्या कुळातला एक रानवेलही इथेच पसरतो. ही कडधान्याच्या वर्गातली असल्यामुळे हवेतला नत्र वाळूत आणते.

या पहिल्या पट्ट्याचा मोठा गुण असा की वाळूत गाडलं गेलं तरी तो मरत नाही. उलट नव्या वाळूतून वर येतो, पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतो. वाऱ्यानं उडत आलेली वाळू पानांत अडते, वेल वर चढते, पुन्हा वाळू अडते. असं करत करत वाळूचं टेकाड उभं राहतं. लक्षात घ्या, हे टेकाड नुसत्या वाऱ्यानं बांधलेलं नसतं. वाऱ्यानं वाळू आणली, पण ती धरून ठेवली वेलीनं आणि गवतानं.

दुसरा पट्टा झुडपांचा. टेकाडाच्या माथ्यावर आणि पाठीमागच्या उतारावर समुद्रकाठची निगडी, कोयनेल, केवडा अशी झुडपं असतात. त्यांना खारा वारा सोसतो, पण मुळाशी वारंवार समुद्राचं पाणी आलेलं सोसत नाही.

तिसरा पट्टा झाडांचा. उंडी, करंज, भेंड ही झाडं टेकाडाच्या आडोशाला वाढतात. उंडीच्या बियांचं तेल आपले वाडवडील दिव्याला आणि होड्यांना वापरत. या पट्ट्याच्या मागे माड येतो, आणि त्याच्याही मागे, वारा पडलेल्या व पाण्याची सोय असलेल्या जागी पोफळ.

शेवटचा पट्टा खाडीचा. तिथे वाळू संपून चिखल लागतो आणि चिप्पी, कांदळ, तिवर, काजळा ही खाडीतली झाडं उभी राहतात. यातली चिप्पी, म्हणजे पांढरी चिप्पी, महाराष्ट्र शासनानं २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली आहे.

आता एक गोष्ट स्वतः पाहा. पुळणीवर उभं राहून बाजूनं नजर टाका. वेलीपासून झुडपं, झुडपांपासून झाडं, अशी शेंड्यांची रेघ छपराच्या उतारासारखी आत चढत गेलेली दिसेल. खारा वारा त्या उतारावरून वर उचलला जातो. म्हणजे पुढचं झाड मागच्याला आडोसा देतं. पुढची रांग तोडली की मागच्या रांगेचे शेंडे करपतात. ते वाळले की त्याच्या मागचे. बागेत शेवटी पोफळीची पानं भाजलेली दिसतात, तेव्हा दोष पोफळीत शोधून उपयोग नसतो.

किनारा का सरकतो?

याची कारणं अनेक आहेत, आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं कारण हंगामाचं. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखाली नेतात. पुळण खाली बसते. पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू परत आणतात. हे दरवर्षीचं येणं-जाणं आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

दुसरं कारण वाळूच्या पुरवठ्याचं. नदीवर धरणं झाली, पात्रातून आणि खाडीतून वाळू उपसली गेली, की समुद्रापर्यंत पोचणारी वाळू घटते. दांडा म्हणजे वाळूची बँक. जमा कमी आणि खर्च तेवढाच राहिला, तर शिल्लक घटणारच.

तिसरं कारण मुखाचं. नदीचं मुख एका बाजूला सरकलं की दांड्याचं टोक झिजतं किंवा वाढतं.

चौथं कारण वादळाचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं. वाऱ्यानं झालेली पडझड डोळ्यांना दिसते, पण अशा वेळी लाटा टेकाड फोडून वाळू आत ढकलतात, ते कमी लोकांच्या ध्यानात येतं.

पाचवं कारण समुद्राच्या पातळीचं. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं, म्हणजे जवळजवळ एका वितीनं वाढली. अलीकडच्या काळात हा वेग वाढला असून २००६ ते २०१८ मध्ये तो वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. वीत ऐकायला थोडी वाटते. पण पुळणीचा उतार मंद असल्यामुळे पातळी वीतभर चढली, तर किनाऱ्याची रेघ पुष्कळ आत येऊ शकते.

किनारा सरकला की पट्ट्यांचं काय होतं?

किनारा पुढे, समुद्राकडे गेला, तर नव्या कोरड्या वाळूवर मर्यादवेल उतरते. तिच्या पुढे नवं छोटं टेकाड तयार होतं. जुनं टेकाड आता दुसऱ्या रांगेत गेलं, तिथे आडोसा मिळाला, म्हणून झुडपं वाढू लागतात. झुडपांच्या जागी हळूहळू झाडं येतात. सगळं रान एक-एक पायरी पुढे सरकतं.

किनारा मागे आला, तर हेच उलट झालं पाहिजे. वेलीनं झुडपांच्या जागेत शिरायचं, झुडपांनी झाडांच्या, झाडांनी आणखी मागे. पूर्वी मोकळ्या दांड्यांवर तसं घडत असे. वादळात टेकाड फुटलं, वाळू आत पसरली, की तिच्यावर वेल धावत असे आणि मागे नवं टेकाड उभं राहत असे. खाडीच्या बाजूला वाळूची भर पडून जमीन तिकडे वाढत असे. म्हणजे पूर्ण दांडाच रांगत रांगत आत सरकत असे. रुंदी फारशी कमी होत नसे.

मग आज अडचण कुठे येते? सरकायला जागा लागते, आणि ती जागा आपण अडवलेली असते. वेलीच्या मागे लगेच कुंपण, कुंपणामागे माड, माडामागे घर. पुढून समुद्र रेटतो आणि मागून कुंपण हलत नाही. त्या दोघांमध्ये पहिला पट्टा चिरडून संपतो. वेल गेली की टेकाड बांधणारं कोणी उरत नाही. पुढच्या उधाणाला लाट थेट माडाच्या बुंध्याशी येते. माडाची मुळं तंतुमय, दोरीसारखी. ती माती चांगली धरतात, पण खालची वाळूच निघून गेली तर ती कशाला धरणार? उघडी मुळं लोंबकळतात आणि माड समुद्राकडे झुकतो. हे चित्र तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल.

खाडीच्या बाजूचंही तसंच. तिवराची आणि चिप्पीची श्वास घेणारी मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. लाटेबरोबर आलेला वाळूचा पातळ थर त्यांना चालतो. जाड थरानं ही मुळं पुरली गेली तर झाड गुदमरून मरतं.

हॉग बेटाची हकिगत

याचा एक पुरावा सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यालगत वाळूच्या बेटांची माळ आहे. त्यातल्या हॉग नावाच्या बेटावर ब्रॉडवॉटर म्हणून मासेमारी करणाऱ्यांचं एक गाव होतं. सुमारे अडीचशे वस्ती. गावाला पाइन झाडांच्या रानाचा आडोसा होता. पण बेटाचं ते टोक झिजत गेलं, रान संपत आलं, आणि १९३३ सालच्या मोठ्या वादळात गाव पाण्याखाली गेलं. पुढच्या काही वर्षांत लोकांनी घरंच्या घरं तराफ्यांवर चढवून मुख्य भूमीवर नेली. ज्या जागेवर गाव होतं तिथे आज समुद्र आहे.

पण त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला वाळूची भर पडत होती. तिथे नवी टेकाडं झाली, गवत आलं, आणि टेकाडांच्या आडोशाला मेण देणाऱ्या मर्टलची दाट झुडपं माजली. या झुडपाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र धरतात, त्यामुळे नापीक वाळूतही ते फोफावतं. १९८७ पासून शास्त्रज्ञ या बेटांची सतत पाहणी करत आहेत. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. झुडूप एखाद्या जागी येईल की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ती जागा किनाऱ्यापासून किती लांब आहे आणि तिच्या पुढ्यात टेकाड आहे की नाही. माती तीच, पाऊस तोच, पण किनारा जिथे पुढे गेला तिथे रान वाढलं आणि जिथे मागे आला तिथे रानाबरोबर गावही गेलं.

आपली झाडं वेगळी, आपला पाऊस वेगळा. पण वाळूचा हा हिशेब इथेही तोच आहे.

टेकाड आणि विहिरीचं गोडं पाणी

कोणी म्हणेल, टेकाड गेलं तर गेलं, माझी बाग आत आहे. त्यांनी विहिरीत डोकावून पाहावं.

दांड्याच्या पोटात गोडं पाणी येतं ते पावसाचं. वाळूत मुरलेलं हे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं पाणी वजनाला हलकं. ढोबळ हिशेब असा, की समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी जमिनीत एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. हा हिशेब उलटाही लागू पडतो. पंपानं उपसून पाण्याची कायमची पातळी एक फूट खाली नेलीत, तर खालचं खारं पाणी कालांतरानं चाळीस फुटांपर्यंत वर येऊ शकतं. म्हणून दांड्यावरची विहीर आणखी खोल केली की पाणी वाढण्याऐवजी मचूळ होतं.

हा गोड्या पाण्याचा साठा दांड्याच्या रुंदीवरही अवलंबून असतो. दांडा अरुंद झाला की साठा पातळ होतो. टेकाड सपाट केलं की पाऊस मुरायची जागा कमी होते आणि उधाणाचं पाणी आत यायला वाट मिळते. तेव्हा पुळणीवरच्या वेलीचा आणि तुमच्या घागरीतल्या पाण्याचा संबंध असा जवळचा आहे.

दगडी बांध आणि सुरूची बाग

बंधारा बांधला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. जिथे घरं अगदी कडेला आली आहेत तिथे दगडी बांधाशिवाय इलाज नसतो, हे खरं. पण त्याचा स्वभाव समजून घ्या. बांधावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उचलते, त्यामुळे बांधापुढची पुळण खाली जाते आणि तिथे वेल उगवायला जागा राहत नाही. बांध जिथे संपतो तिथे शेजाऱ्याच्या जमिनीची धूप वाढते. म्हणून बांध ही एकट्या-दुकट्यानं करायची गोष्ट नव्हे. तज्ज्ञांच्या सल्ल्यानं, परवानगीनं आणि आख्ख्या पट्टीचा विचार करूनच तो व्हायला हवा.

सुरूचंही तसंच. सुरू हे आपल्या किनाऱ्याचं मूळ झाड नव्हे. ते बाहेरून आणून लावलेलं आहे. वारा अडवायला आणि जळणाला ते उपयोगी. पण त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरं काही फारसं उगवत नाही, आणि पुढच्या कडेला लावलं तर ते वेलीसारखं टेकाड बांधत नाही. लाटेनं वाळू काढली की ते उन्मळतं. सुरू लावायचाच तर मागच्या पट्ट्यात लावा, वेलीच्या जागेवर नको.

झाडांकडून खुणा कशा वाचाव्यात?

पुळणीवर कोवळी मर्यादवेल पुढे पसरते आहे आणि तिच्याभोवती वाळूचे छोटे उंचवटे दिसत आहेत, तर किनारा सध्या पुढे जातो आहे.

वेलींची मुळं उभ्या कापलेल्या कड्यावरून लोंबताहेत, आणि दिवाळीनंतरही तो कडा भरून येत नाही, तर किनारा मागे येतो आहे.

मधे वेलीचा पट्टाच नाही आणि केवडा, उंडी किंवा माड थेट पुळणीच्या कडेला उभा आहे, तर समजा की किनाऱ्यानं एक-दोन पट्टे आधीच गिळले आहेत. ही सर्वांत गंभीर खूण.

बागेच्या सखल भागात घोळीसारखी मांसल पानांची खारट रोपटी उगवू लागली, तर जमिनीत खार शिरतो आहे. विहिरीचं पाणी लगेच तपासून घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं?

१. मोजमाप ठेवा. न हलणारी एक खूण धरा: विहीर, मंदिराचा चौथरा, पक्कं जोतं. तिथून वेलीच्या पहिल्या जिवंत रेघेपर्यंतची पावलं मोजून वहीत लिहा. वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेला आणि दिवाळीला. या वर्षीच्या दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशीच करा, अक्षय्य तृतीयेशी नको. नाहीतर हंगामी फरकालाच धूप समजाल. पाच वर्षांची वही झाली की पुढचा निर्णय अंदाजावर राहणार नाही. शाळेतल्या मुलांना हे काम आवडीनं करता येतं.

२. पहिला पट्टा मोकळा सोडा. टेकाड सपाट करू नका. वाळू उचलू नका. वेल आणि गवत जनावरांना चारू नका, जाळू नका. होड्या ओढायला आणि पुळणीवर जायला गावानं ठराविक वाटा ठेवाव्यात. त्या तिरप्या असाव्यात, म्हणजे वारा आणि लाट सरळ आत शिरणार नाही.

३. टेकाड खचलं असेल तर झावळ्यांचं कुंपण घाला. उधाणाचं पाणी पोचत नाही अशा रेघेवर, तीन-चार फूट उंचीचं, विरळ. निम्मी जागा झाकलेली आणि निम्मी मोकळी असावी. घट्ट विणलं तर वारा उसळतो आणि वाळू साठत नाही. पावसाळा संपल्यावर, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचे दिवस सुरू होताना हे काम करा. वाळूत बुडालं की वरती दुसरं लावा.

४. वेल लावा. पावसाच्या सुरुवातीला मर्यादवेलीचे दीड-दोन हात लांबीचे, चार-पाच पेऱ्यांचे तुकडे घ्या. निम्मा भाग ओल्या वाळूत पुरा. दोन-तीन फुटांवर एक असं टेकाडाच्या माथ्यावर आणि मागच्या उतारावर लावा. अगदी पुढे लावलेले पावसाळी लाटा काढून नेतील. पुढचं अंतर वेल उघाडीत स्वतःच धावून भरून काढते.

५. मागे झुडपं आणि झाडं लावा. वेलीच्या मागे केवडा, निगडी, कोयनेल. त्यांच्या मागे उंडी, करंज, भेंड. उंडीच्या बियांचं कठीण कवच हलक्या हातानं फोडून पेरलं तर रुजवण लवकर होते. रोपं पिशवीत वाढवून पावसाळ्यात लावावीत.

६. नवा माड कुठे लावायचा ते वहीला विचारा. समजा दहा वर्षांत तुमची दहा पावलं कमी झाली. बाणवली माड फळाला यायला सहा-सात वर्षं आणि पुढे पन्नास-साठ वर्षं उभा राहायचा. मग पुढच्या पन्नास पावलांत नवा माड लावण्यात अर्थ काय? आहेत ते माड जगतील तोवर जगू द्या, पण ते पडल्यावर त्या जागी पुन्हा माड न लावता ती जागा वेलीला आणि झुडपांना द्या.

७. विहीर जपून उपसा. दांड्यावरची विहीर मधल्या भागात आणि उथळच असावी. थोडं थोडं, थांबून थांबून पाणी काढा. मोठा पंप लावून एकदम तळ गाठू नका. मे महिन्यात चवीत फरक पडला की उपसा कमी करा. आळ्यात पालापाचोळा व सोडणं घालून ओल टिकवा.

८. खाडीचं रान तोडू नका. कांदळाच्या बियांना झाडावरच मोड येतात. ते लांबट मोड गोळा करून ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात उभे खोचता येतात. वाळूत ते टिकत नाहीत. मात्र चांगल्या उभ्या रानात ढवळाढवळ करू नका, आणि लागवडीपूर्वी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला.

९. नियम माहीत करून घ्या. किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ साली निघाली, नंतर २०११ आणि २०१९ साली ती नव्यानं आली. २०१९ च्या अधिसूचनेत वाळूची टेकाडं आणि कांदळवनं सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. टेकाड हलवण्यापूर्वी किंवा त्यावर बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात चौकशी करा.

हे एकट्याचं काम नव्हे

सहावा मुद्दा सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण आहे याची जाणीव आहे. ज्याची पट्टी समुद्राला लागून, त्यानंच जमीन मोकळी सोडायची आणि आडोसा मात्र मागच्या सगळ्यांना मिळायचा. ज्याच्याकडे पंधरा-वीसच माड आहेत त्याला दोन ओळी सोडा म्हणणं म्हणजे त्याच्या चुलीतलं लाकूड काढणं. आणि त्यानं एकट्यानं सोडून शेजाऱ्यानं टेकाड सपाट केलं, तर उधाण त्या खिंडारातून दोघांच्याही बागेत येणार.

म्हणून गावानं एकत्र बसायला हवं. पुढच्या पट्टीतल्या माणसाला मागच्यांनी काहीतरी द्यायला हवं. कोणी रोपं द्यावीत, कोणी कुंपणाला झावळ्या आणि श्रम द्यावेत, कोणाला मागे जागा असेल तर दोन-चार माड लावायला जागा द्यावी. ग्रामसभेत हा विषय घ्या, ठराव करा, पट्ट्याची रेघ सगळ्यांनी मिळून आखा. लागवडीबाबत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

वेल टेकाड बांधते, टेकाड झुडपांना आडोसा देतं, झुडपं झाडांना, आणि झाडं तुमच्या बागेला.

किनारा सरकणारच. त्याच्याबरोबर वेलीला सरकायला जागा ठेवा.

मोजमाप वर्षातून दोनदा, त्याच खुणेपासून, त्याच सणाला.

विहीर उथळ, उपसा थोडा.

पुढच्या ओळीतला माड पडला, तर त्या जागी मर्यादवेल.

येत्या दिवाळीला फराळ आटोपला की मुलांना घेऊन पुळणीवर जा आणि पहिली नोंद वहीत लिहा. तारीख, खूण आणि पावलं, एवढंच. पुढच्या वर्षी त्याखाली दुसरी ओळ लिहायची आहे.